दादर मोकळे करायचे, पण कोणापासून?

दादर स्टेशनच्या पूर्वेला राजगृह आणि आंबेडकर भवन, पश्चिमेला चैत्यभूमी. 6 डिसेंबरला लाखो भीमअनुयायी याच स्टेशनवर उतरतात आणि रांगेने समुद्राकडे चालू लागतात. म्हणून दादरच्या पुनर्विकासाचा प्रश्न हा बिल्डर, रेल्वे आणि महापालिका यांच्यापुरता नाही. तो आपलाही आहे.

परिसर सुधारायला आमचा विरोध नाही. गर्दीत चेंगरणारी माणसेही आपलीच आहेत. 29 सप्टेंबर 2017 रोजी शेजारच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. पूल रुंद करण्याची जबाबदारी सरकारची होती. पण त्यानंतर मोहीम निघाली ती फेरीवाल्यांवर, आणि स्टेशनपासून 150 मीटरच्या आत विक्रीला बंदी आली. दोष यंत्रणेचा, शिक्षा टोपलीवालीला. ही जुनीच रीत आहे.

'मोकळे दादर' म्हणताना कोणाला हलवायचे असते? पहाटे फुलबाजारातून माल उचलणारा हमाल, भाजीची पाटी घेऊन बसणारी मावशी, स्टेशन झाडणारा कंत्राटी सफाई कामगार. नकाशात काचेचा मॉल, पार्किंग, सरकते जिने सगळे असते. ही माणसे तेवढी नसतात. जातीने ज्यांना गावात जमीन नाकारली आणि 1982 च्या संपानंतर ज्यांच्या घरातली गिरणीची नोकरी गेली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना फुटपाथने पोसले. त्यांना 'अतिक्रमण' म्हणणे म्हणजे इतिहास पुसणे आहे.

कायदा काय सांगतो? 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. अनुसूचित जाती-जमातींनाही त्यात योग्य प्रतिनिधित्व द्यायचे आहे. वर्षानुवर्षे भरणारा नैसर्गिक बाजार सर्वेक्षणात नोंदला गेला, तर तिथे विक्रीबंदी लावता येत नाही. दादरचा बाजार नैसर्गिक नाही, तर मग कोणता?

पण याच कायद्यात एक पळवाटही आहे. रेल्वेच्या मालकीच्या जागेला तो लागू नाही. म्हणजे पालिकेच्या फुटपाथवर जिला हक्क आहे, ती दोन पावले रेल्वेच्या हद्दीत गेली की गुन्हेगार ठरते. पुनर्विकासात ही हद्द पुढे सरकली, तर एकाही माणसाला नोटीस न देता शेकडो जणांचा हक्क संपेल. आपल्या कार्यकर्त्यांनी नकाशातली ही रेघ आधी वाचायला शिकले पाहिजे.

आता थोडे स्वतःकडे पाहू. 25 जून 2016 च्या पहाटे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेसवर बुलडोझर चालला, तोही विकासाच्याच नावाने. तेव्हा आपण हजारोंनी भर पावसात रस्त्यावर उतरलो. उतरायलाच हवे होते. पण त्याच दादरमध्ये पालिकेची गाडी फुलवालीची पाटी उचलून नेते, तेव्हा आपण किती जण थांबतो? दादर स्टेशनला चैत्यभूमीचे नाव हवे, ही मागणी आपण करतो. ती रास्तच आहे. पण नावाची पाटी लागली आणि त्या पाटीखालून आपलीच माणसे हाकलली गेली, तर ते नाव कोणाच्या कामाचे? व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या कलम 19 मध्ये आहे. बाबासाहेबांचे स्मारक तिथेही आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. आधी सर्वेक्षण, मग आराखडा. आराखडा मराठीत, स्टेशनच्या भिंतीवर लावलेला. विक्रेत्यांची जागा नकाशात पहिल्याच दिवशी आखलेली. हमाल आणि सफाई कामगारांसाठी विश्रांतीची खोली, पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय. आणि पूर्वेकडून थेट चैत्यभूमीकडे जाणारा रुंद, सुरक्षित पादचारी मार्ग, जो फक्त 6 डिसेंबरला नाही तर रोज खुला असेल.

येत्या 6 डिसेंबरला स्टेशनवर उतराल, तेव्हा पुलाखाली बसलेल्या मावशीकडून फुले घ्या आणि तिच्याकडे प्रमाणपत्र आहे का, हेही विचारा. नसेल तर तिचा अर्ज भरायला बसा. अभिवादन तिथूनच सुरू होते.

जय भीम!