नॅनोकण जळगावात, लेसर पुण्यात
प्रतिनिधी

पहूर (ता. जामनेर) : जळगाव–अजिंठा मार्गावरील पहूरसारख्या गावातून भौतिकशास्त्राच्या वाटेला लागलेल्या विद्यार्थ्यापुढे आज एक विचित्र पेच आहे. सेमीकंडक्टर, म्हणजेच अर्धवाहक पदार्थांचे नॅनोकण बनविण्याचे रासायनिक तंत्र त्याला जळगावच्या विद्यापीठात शिकता येते. मात्र, त्या कणांवर प्रकाश पडल्यानंतर पहिल्या क्षणात काय घडते, हे पाहण्याची सोय राज्यात मुख्यतः मुंबई-पुण्यातच एकवटली आहे.

या दोन गोष्टींचे नाते २०२३ मध्ये ठळकपणे समोर आले. त्या वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल क्वांटम बिंदूंसाठी मौंगी बावेंडी, लुई ब्रुस व अलेक्सी एकिमोव्ह यांना, तर भौतिकशास्त्राचे नोबेल अतिलघु प्रकाशस्पंदांसाठी पियरे अगोस्तिनी, फेरेन्क क्राउझ व ॲन लुलिये यांना मिळाले. एक गौरव सूक्ष्म वस्तूचा, दुसरा सूक्ष्म क्षण मोजणाऱ्या प्रकाशाचा.

कॅडमियम सेलेनाइडचा कण सुमारे दोन नॅनोमीटरचा असेल तर तो निळसर उजळतो, सहाचा असेल तर तांबडा. पदार्थ तोच, कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला मिळणारी जागा तेवढी बदलते. हा रंग मोजण्यास साधा वर्णपटमापी पुरतो आणि जिल्ह्यातील बरेचसे संशोधन इथवर येऊन थांबते. खरा प्रश्न पुढचा आहे. प्रकाश शोषताच इलेक्ट्रॉन जागा सोडतो व मागे पोकळी उरते. ही जोडी पुन्हा प्रकाश देईल, वीज देईल, की पृष्ठभागावरील दोषात अडकून नुसती उष्णता होईल? सौरघटाचे यशापयश यावर ठरते आणि यातील अनेक घडामोडी पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लक्षकोट्यंश भागांत, उरकतात.

त्यामुळे एका लेसर स्पंदाने कण उत्तेजित करायचा आणि किंचित उशिरा आलेल्या दुसऱ्या स्पंदाने त्याची स्थिती तपासायची, ही पद्धत वापरली जाते. एका पिकोसेकंदात प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो. म्हणून दुसऱ्या स्पंदाचा मार्ग आरशांनी तेवढा लांबविला की हवा तितका विलंब मिळतो. साहजिकच केसाच्या जाडीइतकी हालचालही मोजमाप बिघडवू शकते. कंपनरहित मेज, स्थिर तापमान व अखंड वीज लागते. खानदेशातला मे महिना आणि विजेचा लपंडाव अनुभवलेल्यांना यातील अडचण वेगळी सांगायला नको.

पुण्याच्या आयसर संस्थेतील पंकज मंडल व अंग्शुमन नाग यांच्या गटांचे २०१६ मधील काम या संदर्भात बोलके आहे. सिझियम, शिसे व ब्रोमिन यांच्या नॅनोस्फटिकांवर लेसर स्पंद टाकून टेराहर्ट्झ लहरींनी केलेल्या तपासणीत विद्युतभार नऊ मायक्रोमीटरपेक्षा अधिक अंतर जाऊ शकतात, असा निष्कर्ष निघाला. स्फटिक मात्र रासायनिक पद्धतीने, द्रावणातच घडविलेले होते.

केंद्राने १९ एप्रिल २०२३ रोजी ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यातील संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. बड्या संस्थांशी राज्य विद्यापीठे जोडण्याची ‘पेअर’ योजना अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने आणली. ‘आय-स्टेम’ संकेतस्थळामुळे सार्वजनिक संस्थांतील उपकरणे शोधून वेळ मागता येते.

मात्र, नमुना पाठविणे आणि संशोधक पाठविणे यांत फरक आहे. असे काही नॅनोस्फटिक दमट हवेत बिघडतात. कुपी पुण्याला पोहोचेपर्यंत आतला पदार्थ तोच राहील, याची खात्री नसते. शिवाय आकडे हाती आले, तरी ते कसे जुळविले हे मेजापाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक जिल्ह्यात कोट्यवधींचा लेसर घेऊन तो देखभालीअभावी झाकून ठेवण्यापेक्षा, पहूरहून निघालेल्या विद्यार्थ्याचा पुण्यातील महिनाभराचा मुक्काम आणि उपकरणावरील राखीव तास यांवर होणारा खर्च कितीतरी कमी भरेल.