पाण्याची वार्ता आणि राष्ट्राची सावधता

कैलास-मानसरोवराच्या परिसरात सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्नाली या चार नद्या उगम पावतात. ज्या भूमीला भारतीय मनाने युगानुयुगे देवभूमी मानले, त्याच तिबेटच्या पठारावरून मेकाँग, साल्वीन, यांगत्से आणि पीत नदीही खाली उतरतात. आशिया खंडातील कोट्यवधी माणसांची तहान अशी एका पठाराशी बांधलेली आहे आणि त्या पठाराची किल्ली १९५०नंतर बीजिंगच्या कमरेला लटकते आहे. तिबेट गिळंकृत झाला तेव्हा दिल्लीतील राज्यकर्त्यांनी सीमेचा विचार अपुरा केला. पाण्याचा तर जवळजवळ केलाच नाही.

त्या दुर्लक्षाची किंमत जून २०००मध्ये अरुणाचलाने मोजली. तिबेटातील यिगाँग नदीवर दरड कोसळून एप्रिल महिन्यातच प्रचंड जलाशय साचला होता. तो फुटला आणि सियांगच्या खोऱ्यात पाण्याचा लोंढा घुसला. माणसे दगावली, पूल वाहून गेले, हजारो कुटुंबे उघड्यावर आली. दोन महिने डोक्यावर टांगलेल्या संकटाची वार्ता खालच्या खोऱ्याला वेळेवर मिळाली नव्हती. याउलट २००४मध्ये सतलजच्या खोऱ्यात पारिछू नदीवर असाच जलाशय तयार झाला, तेव्हा त्याची माहिती होती, उपग्रहांची नजर होती. जून २००५मध्ये तो फुटला. हिमाचलातील पूल आणि रस्ते गेले, पण काठावरचे लोक आधीच हलविल्यामुळे जीवितहानी टळली. निसर्गाचा कोप तोच. फरक केवळ वार्तेचा!

ही वार्ता मिळावी म्हणून २००२मध्ये ब्रह्मपुत्रेबाबत आणि २००५मध्ये सतलजबाबत चीनशी करार झाले. नुगेशा, यांगछुन आणि नुशिया या तीन केंद्रांवरील पाण्याची पातळी, विसर्ग आणि पर्जन्यमान पूरकाळात भारताला कळवायचे, असे ब्रह्मपुत्रेबाबत ठरले. परंतु शेजाऱ्याच्या मर्जीवर टिकणारी व्यवस्था कितपत भरवशाची असते, हे २०१७मध्ये दिसले. डोकलामचा पेच निर्माण झाला त्याच वर्षी भारताला ही आकडेवारी मिळाली नाही. पुढे सतलजविषयीच्या कराराची मुदत २०२०मध्ये, तर ब्रह्मपुत्रेविषयीच्या कराराची २०२३मध्ये संपली. ऑगस्ट २०२५मध्ये चीनने आणीबाणीच्या प्रसंगी माणुसकीच्या भूमिकेतून माहिती देण्याचे मान्य केले. ते स्वागतार्ह खरे. पण आणीबाणी कशाला म्हणायचे, हे वरच्या काठावर बसलेलाच ठरविणार असेल, तर खालच्या काठाने निश्चिंत कसे व्हावे?

प्रश्न केवळ पुराचाही नाही. जुलै २०२५मध्ये चीनने ब्रह्मपुत्रेच्या महावळणाजवळ पाच टप्प्यांच्या अवाढव्य जलविद्युत प्रकल्पाचे काम आरंभिले. त्यावरून घबराट माजविण्याचे कारण नाही. ब्रह्मपुत्रेचे बहुतांश पाणी भारतातील पावसाने आणि उपनद्यांनी येते, हे आसामच्या मुख्यमंत्र्यांनीही त्याच वर्षी स्पष्ट केले आहे. मात्र हा हिशोब वर्षभराचा झाला. हिवाळ्यात पाऊस नसतो, नदी क्षीण असते. त्या महिन्यांत वरून येणाऱ्या प्रवाहाचे मोल वाढते आणि धरणाचे दरवाजे नेमके तेव्हा जाणवतात. म्हणूनच मे ते ऑक्टोबर एवढीच माहिती पुरेशी नाही. बाराही महिन्यांचा ताळेबंद हवा. मेकाँग खोऱ्यातील देशांना चीनने २०२०पासून अशी वर्षभराची माहिती देण्याचे मान्य केले. त्या लहान देशांनी जे मिळविले, ते भारताने का मागू नये?

भारताची नैतिक बाजू दुबळी नाही. १९६०च्या सिंधू करारानुसार प्रवाहाची आकडेवारी दरमहा पाकिस्तानला देण्याचे बंधन भारताने युद्धांच्या काळातही पाळले. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५मध्ये करार स्थगित केला गेला. रक्त आणि पाणी एकत्र वाहू शकत नाही, हे एकदा ठणकावून सांगणे आवश्यकच होते. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तवी नदीला पूर आला तेव्हा भारताने पाकिस्तानला पुराचा इशारा दिला. शत्रूच्या राज्यातीलही निरपराध माणूस बुडू नये, हा या मातीचा संस्कार आहे.

पण संस्काराला सामर्थ्याची जोड हवी. उपग्रह, सीमेलगतची स्वयंचलित मापन केंद्रे आणि स्वदेशी अभ्यासक यांच्या बळावर भारताने आपली नजर आपणच कमावली पाहिजे. त्याचबरोबर घरातील एक दोषही दूर करावा लागेल. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतील प्रवाहाची आकडेवारी गोपनीय म्हणून आपल्याच संशोधकांना सहजासहजी मिळत नाही. ज्या माहितीने आपली गावे वाचायची, ती कपाटात बंद ठेवून सुरक्षा वाढते काय, याचा विचार शासनाने करावा.

महाराष्ट्राला हे दूरचे वाटू नये. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीची पातळी हे शब्द घरोघरी पोहोचले. तेथे तर दोन्ही काठ एकाच राष्ट्राचे होते! पुरात उडी घेऊन माणसे वाचविणारे तरुण या समाजाचे भूषण आहेत. त्याच तरुणांनी आपल्या गावच्या नदीची पातळी महिन्याच्या महिन्याला नोंदवायला आणि वाचायला शिकावे. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिची नाडी ओळखली पाहिजे. ती ओळखणारा समाजच संकटाच्या एक पाऊल पुढे राहतो.