इथेनॉलच्या हिशेबात पाणी आणि कोयता धरा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. साखर आयुक्त, साखर संकुल, पुणे

विषय : ऊस आणि धान्यापासूनच्या इथेनॉलचा पाण्यावर व माणसांवर पडणारा भार दरात आणि परवान्यात धरण्याबाबत

महोदय,

मांजरा, तेरणा आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यांतील कोरडवाहू शेतकरी, अल्पभूधारक ऊस उत्पादक आणि ऊसतोड कामगार यांच्या संघटनेचे हे मागणीपत्र आहे. आमच्यात ऊस लावणारे आहेत आणि तोडणारेही. काही घरांत दोन्ही आहेत. म्हणून इथेनॉल बंद करा असे आम्ही म्हणत नाही. एफआरपीच्या थकलेल्या बिलासाठी कारखान्याच्या कार्यालयात खेटे घातलेले शेतकरी आमचेच सभासद आहेत. तेल कंपन्यांकडून इथेनॉलचे पैसे साखरेच्या पैशांपेक्षा लवकर येतात आणि त्यामुळे बिले वेळेवर निघू लागली, हे तेच सांगतात. ते खरे आहे आणि आम्ही ते नाकारणार नाही.

आमचे म्हणणे दराविषयी आहे. इथेनॉलचा दर दिल्लीत पैशापर्यंत ठरतो. उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे मिळाले, मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे. या आकड्यांत कच्चा माल येतो, कारखान्याचा खर्च येतो. विहिरीतून उपसलेले पाणी, फडात मोळी उचलणाऱ्या बाईचे शरीर, ओढ्यात सोडलेले मळीचे पाणी आणि कडब्याविना विकलेली जनावरे यांची किंमत त्यात कुठेच धरलेली नाही. ती कोणीतरी भरतोच. सध्या ती आमचे सभासद भरतात.

केंद्राच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३० साठी होते. २०२२ मध्ये ते पाच वर्षे अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये गाठलेही गेले. आता पुढच्या टक्केवारीची भाषा सुरू आहे. ती वाढण्याआधी मागचा हिशेब मांडावा, म्हणून हे पत्र.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २८६० लिटर पाणी लागते. हा आकडा आंदोलकांनी काढलेला नाही. नीती आयोगाने २०२१ मध्ये मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातच तो छापला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्यात ५ लाख लिटर पाणी होते. वरच्या हिशेबाने त्या अख्ख्या गाडीतून पावणेदोनशे लिटर इथेनॉल निघेल. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलने ३५ लिटरच्या पंचवीस टाक्या त्यातून भरतील. ज्या शहराने ती गाडी टाळ्या वाजवून उतरवून घेतली, त्याच शहराच्या आसपास त्या वर्षीही उसाचे गाळप झाले होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून, म्हणजे सी-हेवीपासून केलेल्या इथेनॉलवर हे सगळे पाणी टाकणे न्यायाचे नाही; तो ऊस साखरेसाठी लागलाच असता. आमचा आक्षेप रस आणि पाक थेट इथेनॉलकडे वळवण्याला आहे, आणि त्या भरवशावर नवे क्षेत्र उसाखाली आणण्याला आहे.

राज्यात उसाखाली एकूण पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी जमीन असते आणि सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी तो पितो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाने दहा वर्षांपूर्वीच लिहून ठेवले. चितळे आयोगाने १९९९ मध्ये १००० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या प्रदेशात ऊस नको म्हटले. बीड, धाराशिव, लातूर, सोलापूर यांपैकी एकाही जिल्ह्याची सरासरी तिथवर पोचत नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकांना ठिबकशिवाय कालव्याचे पाणी न देण्याची तरतूद आहे. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे केले. २०१९ मध्ये मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनी या भागात उसावर बंदी घालावी, असा अहवाल दिला. आयोग झाला, कायदा झाला, निर्णय झाला, अहवालही झाला. पाटाने ऊस भिजतोच आहे. त्यामुळे आम्ही नवी समिती मागत नाही.

मागणी पहिली : १००० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या तालुक्यांत रस किंवा पाकावर चालणाऱ्या नव्या इथेनॉल क्षमतेला, किंवा असलेल्या क्षमतेच्या वाढीला, राज्याने परवानगी देऊ नये. असलेल्या कारखान्यांना गाळप परवाना देताना त्यांच्या कार्यक्षेत्रातील ठिबकखालील उसाचे क्षेत्र गावनिहाय जाहीर करण्याची अट घालावी. ठिबकाचा खर्च अल्पभूधारकावर ढकलू नये. २०१८ पासून डिस्टिलऱ्यांच्या कर्जावर केंद्राने व्याज सवलत दिली. तशीच सवलत ज्याच्या रानात पाणी वाचायचे आहे त्याला मिळायला हवी.

मागणी दुसरी : दुष्काळी वर्षात इथेनॉलसाठी किती ऊस वळवायचा, याचा नियम हंगामाआधी ठरलेला असावा. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप ऐन भरात असताना, केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवड्याभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत ती सैल केली आणि पुढच्या वर्षी उठवली. साखरेचे भाव चढतील ही त्यामागची भीती होती. अन्न आणि इंधन एकाच उसावर भांडतात, याची इतकी स्पष्ट कबुली दुसरी नाही. पण कर्ज काढून बसलेल्या सहकारी कारखान्याच्या सभासदाला तो दणका विनाकारण बसला. जायकवाडी, मांजरा, उजनी या धरणांतला १५ ऑक्टोबरचा साठा पाहून वळवणुकीची मर्यादा आपोआप ठरावी, एवढे साधे सूत्र राज्याने केंद्राकडे मांडावे.

आता कोयत्याकडे येतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल त्या जोडीच्या नावाने मुकादम देतो. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, पाचटाच्या कोपीत राहते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून सुमारे ३६६ रुपये झाला. टनभर उसाच्या रसातून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे ६५ रुपये ६१ पैशांच्या लिटरमागे तोडणाऱ्या दोघांच्या वाट्याला मिळून सव्वापाच रुपये येतात. पहाटे चारला फडात शिरणे, तोडणे, साळणे, मोळी बांधणे, फळीवरून डोक्यावरची मोळी ट्रकमध्ये चढवणे, हे सगळे त्यात आले.

या कामाचा बायकांच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे शासनाला आमच्याकडून कळायला नको. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्याचे सर्वेक्षण आले. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. एवढ्या बायकांना तोच आजार झाला, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. फडात संडास नाही, पाण्याचा टँकर नाही, पाळीच्या दिवशी घरी थांबले तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. गावी परतल्यावर पोटदुखीसाठी दवाखान्यात गेलेल्या बाईला पिशवी काढून टाक, कटकट मिटेल, असे सांगणारे भेटतात. ती उचल फेडायच्या चिंतेत असते. ती हो म्हणते.

मागणी तिसरी : ऊसतोड महिलेची नोंद नवऱ्याच्या कोयत्यात न करता तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी. ओळखपत्र तिचे, मजुरी तिच्या खात्यात, अपघात विमाही तिचा. खाड्याची कपात बेकायदा ठरवून ती मुकादमाऐवजी कारखान्याकडून वसूल करावी, कारण ऊस शेवटी कारखान्याच्या गव्हाणीतच पडतो. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. तोच नियम जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांना लावावा. हंगामाला निघण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी आणि तिचा कागद बाईच्या हातात राहावा.

मागणी चौथी : ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले. इथेनॉलच्या भाषेत ते लिटरमागे १४ पैसे होतात. इथेनॉलच्या प्रत्येक लिटरवर आणखी एक रुपया या महामंडळासाठी स्वतंत्र राखून ठेवावा. तो तेल कंपन्यांनी द्यावा. उसाच्या बिलातून कापू नये. त्यातून टोळीच्या तळावर पाणी, संडास आणि पाळणाघर द्यावे, आणि मागे गावात राहणाऱ्या मुलांची वसतिगृहे हंगाम सुरू होण्याआधी उघडावीत. मुले आईबापांबरोबर एकदा गाडीत बसली की वसतिगृह जानेवारीत उघडून उपयोग नाही. तोडणी यंत्रांसाठी अनुदान देताना त्या यंत्राने हटवलेल्या कोयत्यांचे काय, हेही त्याच निर्णयात लिहावे.

धान्याच्या इथेनॉलविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. उसापेक्षा मका बरा, असे शहाणे लोक सांगतात. पाण्यापुरते ते खरे आहे आणि आम्हीही ते मानतो. पण मक्याला लिटरमागे सर्वांत चढा दर मिळाल्यावर मका पोल्ट्रीकडून डिस्टिलरीकडे वळला. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये आयातदार झाला. कंत्राटावर कोंबड्या पाळणाऱ्याचे खाद्य महागले. दुसरा धक्का आणखी आडवाटेने आला. मक्यातून अल्कोहोल काढून जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात तो, पशुखाद्यात सोयापेंडीच्या निम्म्या-पाऊण भावात खपतो. पेंडीची मागणी घटली. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात शेतकरी त्याच्या खाली माल सोडत होता. जागतिक बाजार मंदावलेला होता, तेलाची आयात होती, ही कारणेही आहेतच. सगळे खापर इथेनॉलवर फोडणे चुकीचे. पण मक्याला सरकारी दराचा आधार आणि सोयाबीनला बाजाराची दया, या दोन्ही गोष्टी एकाच धोरणातून आल्या. आणि मक्यासाठी जिथे ज्वारी गेली तिथे कडबाही गेला, तो कुठल्याच आकडेवारीत नाही. त्यातच २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ २२५० रुपये क्विंटलने डिस्टिलऱ्यांना देण्याचे ठरले.

मागणी पाचवी : इथेनॉलला जशी ठरलेल्या दराची हमी आहे तशी मराठवाड्यात रब्बी ज्वारी, तूर, करडई आणि सोयाबीनला प्रत्यक्ष खरेदीची हमी द्यावी. शेतकरी ऊस लावतो तो पाणी उधळायची हौस म्हणून लावत नाही. उसाला ठरलेला भाव आहे, नेणारा आहे, आणि गारपिटीत तो उभा राहतो. दुसऱ्या पिकाला एवढे द्या, ऊस आपोआप कमी होईल. अन्न महामंडळाचा खाण्यायोग्य तांदूळ डिस्टिलरीला देण्यास राज्याने विरोध नोंदवावा.

मागणी सहावी : मळीवरच्या डिस्टिलरीत लिटरभर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर दूषित सांडपाणी निघते. १६ जून २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने केवळ मिश्रणासाठी धान्यापासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पांना ब-२ वर्गात टाकले. त्यामुळे जनसुनावणी गेली, आणि गावाला प्रकल्प कळतो तो पत्र्याचे कुंपण पडल्यावर. पंजाबात फिरोजपूर जिल्ह्यातील झिरा येथे भूजल नासल्याच्या तक्रारीवरून लोक २०२२ पासून महिनोन्महिने धरणे धरून बसले, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांना तिथली डिस्टिलरी बंद करण्याची घोषणा करावी लागली. सुनावणी टाळून वेळ वाचत नाही. राज्याने स्वतःच्या अधिकारात ग्रामसभेची सुनावणी सक्तीची करावी आणि डिस्टिलरीच्या परिघातील विहिरींचे पाणी दर तीन महिन्यांनी तपासून निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

मागणी सातवी : प्रत्येक कारखान्याचे इथेनॉलचे उत्पन्न जाहीर करून ते २०१३ च्या ऊस दर कायद्याखालील वाटपात धरावे.

मागणी आठवी : फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर कित्येक दशके काम केले आहे. कणसाचे दाणे माणसाला, पाला जनावराला, ताटाचा रस इथेनॉलला, आणि पाणी उसाच्या मानाने फारच कमी. अडचणही ठाऊक आहे : ताट कापल्यावर रस लवकर आंबतो, म्हणून ते कारखान्याच्या जवळच पिकायला हवे. दोन कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात तीन हंगाम हा प्रयोग सरकारी खर्चाने करावा. पऱ्हाटीपासून इथेनॉल करण्याच्या योजना आखताना एवढे ध्यानात असू द्यावे की आमच्याकडे ती अजून चुलीत जळते. ती नेणार असाल तर चुलीला काय, ते आधी सांगा.

गाळप कधी सुरू करायचे हे ठरवायला आपल्या अध्यक्षतेखाली दरवर्षी मंत्री समितीची बैठक होते. तिथे कारखानदार असतात, उसाचा अंदाज असतो, साखरेचा अंदाज असतो. या वर्षीच्या बैठकीत धरणसाठ्याचा तक्ता ठेवावा आणि ऊसतोड महिलांच्या दोन प्रतिनिधींना बोलवावे. त्याआधी संघटनेच्या शिष्टमंडळाला वेळ मिळावी. आमच्याबरोबर दहा गावांतील विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी आणि उचलीच्या वह्या असतील. बैठक न होता परवाने सुटले, तर बॉयलर पेटतील त्या दिवसापासून आम्ही साखर संकुलापुढे बसू.

आपले,
संघटनेच्या वतीने
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य

प्रत माहितीसाठी : सर्व जिल्हाधिकारी, मराठवाडा विभाग, अध्यक्ष, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ