फाईल ऑडिटरची, रात्र आमची

परवा आमच्याकडे ऑडिट होतं. त्या निमित्ताने 'क्लाउड सिक्युरिटी इन्सिडंट रिस्पॉन्स प्लॅन' नावाची फाईल पहिल्यांदाच उघडून बघितली. 'सर्वप्रथम यांना फोन करा' म्हणून ज्याचं नाव दिलंय, तो पेपर टाकून कधीच गेलाय! ऑडिटरने पानं उलटली, टिक मारली, चहा घेतला. झालं ऑडिट.

कंपन्या हे प्लॅन का करतात? खरं सांगू? क्लायंटच्या प्रश्नावलीत तसा रकाना असतो म्हणून. शिवाय सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, म्हणून.

'आपलं सगळं क्लाउडवर आहे, ते बघतील की' हे मॅनेजर लोकांचं आवडतं वाक्य. अहो, ते त्यांचं डेटा सेंटर बघतील. तुमच्या पोराने अ‍ॅक्सेस की गिटहबवर टाकली तर निस्तरायचं तुम्हीच. भाड्याच्या घराला कुलूप लावायला घरमालक येत नाही.

कोड स्पेसेस आठवतंय का? लोकांचा सोर्स कोड सांभाळणारी कंपनी. जून २०१४ मध्ये कुणीतरी त्यांच्या अ‍ॅमेझॉनच्या कंट्रोल पॅनलमध्ये घुसला आणि पैसे मागू लागला. यांनी पासवर्ड बदलले. पण त्याने आधीच जादा लॉगिन करून ठेवले होते. यांची हालचाल दिसताच त्याने डिलीट करायला सुरुवात केली. बॅकअपही त्याच पॅनलमधून पोचता येतील असे, त्यामुळे तेही गेले. बारा तासांत खेळ खलास, कंपनी बंद.

पासवर्ड बदलणं चूक नव्हतं, क्रम चुकला. आधी सगळे लॉगिन शोधायचे, मग एका दमात बंद करायचे. हॅक झालेलं मशीन घाईत उडवायचं नाही, आधी स्नॅपशॉट घ्यायचा, नाहीतर पुरावाच जातो. रात्री दोन वाजता हे कुणाला सुचणार? म्हणून तर प्लॅन आधी लिहायचा असतो, आणि त्याची रंगीत तालीमही करायची असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रॉडक्शन बंद करायचा अधिकार कुणाला? आमच्या फाईलमध्ये 'योग्य अधिकारी' असं लिहिलंय. म्हणजे बंद केलं तर 'कुणाला विचारून केलंस?' आणि नाही केलं तर 'हातावर हात धरून का बसलास?' दोन्हीकडून मार ऑनकॉलवाल्याला.

ऑडिटमध्ये आम्ही पास झालो. शनिवारी रात्री ऑनकॉल मी आहे.