पिस्तुलावरचा ठसा आणि दप्तरातील मौन

जानेवारी २०१६ मध्ये उत्तर इराकमधील एर्बिल आणि सुलेमानिया या शहरांच्या शस्त्रबाजारांत जर्मन नभोवाणीच्या वार्ताहरांना काही लष्करी रायफली आणि एक पिस्तूल विक्रीस ठेवलेले आढळले. पिस्तूल वाल्थर पी-१ जातीचे, म्हणजे जुनेच. परंतु त्यावरची 'बीडब्ल्यू' ही अक्षरे शाबूत होती. 'बुंडेसवेर' म्हणजे जर्मन सैन्य, त्या नावाचा हा संक्षेप. माल कोणाच्या कोठारातून आला हे विक्रेत्यास विचारण्याचे कारणच उरले नाही.

जर्मन पिस्तुलांवरील ठशांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. हिटलरच्या काळात हे ठसे ओळख पटविण्यासाठी जितके, तितकेच ओळख लपविण्यासाठी मारले जात. कोणता कारखाना काय घडवतो हे शत्रूस कळू नये म्हणून कारखान्याच्या नावाऐवजी सांकेतिक अक्षरे आली. पी-३८ या पिस्तुलावर 'एसी' असेल तर ते त्सेला-मेलिस येथील वाल्थरचे, 'बीवायएफ' असेल तर ओबर्नडॉर्फच्या माउझरचे, 'सीवायक्यू' असेल तर श्प्रेवेर्क कारखान्याचे. लष्करी तपासनिसाचा गरुड आणि त्याखालचा क्रमांक वेगळा. वाल्थरकडे ३५९, माउझरकडे १३५. हौशी संग्राहक हे सारे भिंगाखाली धरून एखाद्याची कुंडली मांडावी तसे वाचतात, आणि त्यांच्या चिकाटीचे आम्हांस कौतुकच वाटते. मात्र त्याच वाल्थर कंपनीने न्यूएनगामेच्या छळछावणीतील बंदिवानांकडून शस्त्रनिर्मितीचे काम करवून घेतले होते. त्या बंदिवानांसाठी कोणतेही सांकेतिक अक्षर ठरविण्यात आले नव्हते.

युद्धानंतर वाल्थरने उल्म येथे बस्तान बसविले आणि १९५७ पासून तेच पिस्तूल हलक्या धातूच्या सांगाड्यासह नव्या जर्मन सैन्यास पुरविले. १९६३ मध्ये त्याचे नाव पी-१ झाले. आता लपवाछपवीचे प्रयोजन नव्हते. कंपनीचे नाव, नळीचे माप, अनुक्रमांक, पुढे पुढे तर निर्मितीचा महिना आणि वर्षही उघडपणे कोरले जाऊ लागले. उल्मच्या चाचणीगृहाचे चिन्ह हरणाच्या शिंगाचे; त्याशेजारील दोन अक्षरांवरून चाचणीचे वर्ष काढता येते, कारण शून्यासाठी ए, एकासाठी बी असा तो हिशेब आहे. लोकशाही राज्याने आपल्या शस्त्रावर आपली सही केली, असेच म्हणावयाचे. १९९० नंतरच्या दशकात सैन्यास पी-८ हे नवे पिस्तूल मिळाले आणि पी-१ हळूहळू 'शिल्लक माल' ठरले.

या शिल्लक मालापैकी ८,००० पिस्तुले २०१४ मध्ये इराकमधील कुर्द पेशमेर्गा दलास देण्याचा निर्णय झाला. त्या निर्णयाच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. सिंजारच्या यझिदींवर त्या ऑगस्टमध्ये जो प्रसंग गुदरला होता, तो पाहून हात बांधून बसणे हेही पापच ठरले असते. शस्त्रे अन्यत्र जाणार नाहीत अशी हमीही लिहून घेतली गेली होती. परंतु महिनोन्महिने पगार न मिळालेल्या सैनिकाच्या घरी चूल पेटत नसेल, तर त्या हमीच्या कागदास तो काय करणार? वार्ताहरांनी शस्त्रविक्रीचे हेच कारण नोंदविले. त्या सैनिकावर कोरडे ओढण्यास आमची लेखणी धजत नाही. दोष आहे तो, शस्त्र एकदा हातावेगळे केले की आपली जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या राजकीय वृत्तीचा. त्याच जर्मन सरकारने मार्च २०१५ मध्ये इतर देशांसाठी 'नव्याच्या बदल्यात जुने' हे धोरण जाहीर केले. नवी शस्त्रे हवी असतील तर जुनी नष्ट करा, असा त्याचा आशय. ही शहाणी अट स्वतःच्या कोठारातील पी-१ पिस्तुलांना आधीच का लावता आली नाही?

ठसा नुसता असून भागत नाही. तो वाचून पाहण्यास दप्तर लागते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००५ मध्ये लहान शस्त्रांच्या मागोव्यासंबंधी जो दस्तऐवज संमत केला, त्यात निर्मितीच्या नोंदी किमान ३० वर्षे आणि आयात-निर्यातीसह अन्य नोंदी किमान २० वर्षे जपाव्यात असे म्हटले आहे. शक्यतो त्या कायम ठेवाव्यात असेही आहे, पण तो दस्तऐवज कायद्याने बंधनकारक नाही, आणि जेथे बंधन नाही तेथे 'किमान' हेच कमाल होते, हा सरकारी कचेऱ्यांचा अनुभव कोणास नवा आहे? १९७६ साली घडविलेल्या पिस्तुलाची तीस वर्षे २००६ मध्येच भरली. लोखंड मात्र नीट तेल दिल्यास शंभर वर्षेही गोळी झाडू शकते.

आमच्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे आठवे कलम या बाबतीत अधिक कठोर आहे. शस्त्रावरील नाव वा क्रमांक खरवडणे गुन्हा आहेच. शिवाय असे खरवडलेले शस्त्र ज्याच्यापाशी सापडेल त्यानेच ते खरवडले, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. एका सामान्य माणसाकडून कायदा इतकी अपेक्षा करतो. मग आठ हजार पिस्तुले एका दमात देणाऱ्या राज्याकडून प्रत्येक पिस्तुलाच्या क्रमांकाचा हिशेब मागण्यात अतिरेक कोणता? बर्लिनने ही क्रमांकांची यादी सर्व देशांच्या तपासयंत्रणांस खुली करावी, आणि येथून पुढे दिलेल्या शस्त्रांची दरवर्षी जाग्यावर जाऊन मोजदाद करण्याचा हक्क देतानाच लिहून घ्यावा.