घरच्या घरी : मुका झालेला संगणक

पणदऱ्याहून एक भगिनी लिहितात, "संगणक सुरूच होत नाही. मुलीचा वर्षभराचा अभ्यास त्यातच आहे!"

ताई, धीर सोडू नका. अभ्यास असतो हार्ड डिस्कमध्ये. संगणक असा मुका होतो तो बहुधा वीज न पोहोचल्याने. आधी त्याच प्लगवर टेबललॅम्प लावून पाहा. तो लागला, तर संगणकाची वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवा. मागचे बटण शून्याकडे नव्हे, रेघेकडे दाबलेले हवे. तरीही हूं की चूं नाही? वायर काढा, पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा जोडा.

एवढ्याने न भागल्यास कारागीर बोलवा. पॉवर सप्लायची पेटी मात्र स्वतः उघडू नका. वायर काढली तरी आत वीज साठून राहते. आणि कारागिराला पहिल्यांदा हेच बजावा : डिस्क पुसायची नाही!