निवेदन : सुरक्षा अपडेट आणि जुन्या सॉफ्टवेअरची जबाबदारी कार्यालयाने घ्यावी, लिपिकावर सोडू नये

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद.

दिनांक : ५ जानेवारी २०२६

विषय : पंचायत समिती व ग्रामपंचायतींच्या संगणकांवर दरमहा सुरक्षा अपडेट टाकण्याची कायम व्यवस्था लावणे आणि जुन्या सॉफ्टवेअरची सोय करणे याबाबत.

महोदय,

आम्ही आपल्या अखत्यारीतील एका पंचायत समितीत आणि तिच्या हद्दीतील ग्रामपंचायतींत काम करणारे लिपिक, लेखा शाखेचे कर्मचारी व संगणक परिचालक हे निवेदन सादर करीत आहोत.

गेल्या वर्षी आमच्यापैकी एका ग्रामपंचायतीत सोमवारी सकाळी संगणक सुरू केला, तर करमागणीची एकही फाईल उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावाला अनोळखी अक्षरे चिकटली होती आणि पडद्यावर पैसे मागणारा इंग्रजी मजकूर होता. बॅकअप होता, पण तो त्याच हार्ड डिस्कच्या डी ड्राइव्हवर होता, म्हणून तोही गेला. नमुना ८ आणि नमुना ९ च्या नोंदी छापील प्रतींवरून पुन्हा करायला तिघांना सात आठवडे लागले. या काळात घराचा उतारा मागायला आलेल्यांना, मग कोणाचे बँकेचे कर्ज अडलेले असो की कोणाच्या घरकुलाचा हप्ता, "पुढच्या आठवड्यात या" यापलीकडे काही सांगता येत नव्हते. परिचालकाच्या हातात मात्र तिसऱ्याच दिवशी कारणे दाखवा नोटीस पडली. विचारणा एकच होती : संगणकावरील अपडेट का बंद ठेवले?

त्या विचारणेचे खरे उत्तर आम्हाला आपल्यापुढे ठेवायचे आहे.

जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ओळखली जाणारी गंभीर त्रुटी उघड झाली. तिच्यावरचे उपाय पुढचे काही महिने अपडेटमधून येत राहिले. त्यांपैकी सप्टेंबर २०२१ चे अपडेट बसल्यावर जगभरातल्या अनेक कार्यालयांत एका संगणकाला जोडलेल्या प्रिंटरवर दुसऱ्या संगणकावरून छपाई होईना. आमच्या शाखेत सात संगणक आणि प्रिंटर एक. दोन दिवस प्रत्येक पत्र पेन ड्राइव्हवर घेऊन प्रिंटरच्या संगणकापर्यंत न्यावे लागले. दाराबाहेर रांग लागली, वरिष्ठांचे फोन सुरू झाले. देखभालीच्या कंत्राटदाराने माणूस पाठवला. त्याने ते अपडेट काढले, साती संगणकांवरची अपडेट सेवाच बंद केली आणि "आता त्रास होणार नाही" असे सांगून तो गेला. छपाई सुरू झाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती सेवा पुन्हा कधी सुरू करायची हे कोणी लिहून ठेवले नाही, कारण ते लिहिणे हे कोणाचेच काम नव्हते. ग्रामपंचायतींतही थोड्याफार फरकाने हेच झाले. अपडेट बंद ठेवण्याचा आदेश कोणी दिला नाही. पण ते सुरू ठेवण्याचा आदेशही आजवर कोणी दिलेला नाही.

अपडेट टाकले आणि काम अडले, तर दोष लिपिकाचा. टाकले नाही आणि फाईली गेल्या, तरी दोष लिपिकाचाच. या कात्रीत सापडलेला माणूस पडद्यावरच्या सूचनेला 'नंतर' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'नंतर' म्हणतो.

हे 'नंतर' किती महाग पडते याचा सर्वांत ठळक दाखला २०१७ सालचा आहे. विंडोजमधली फाईल-देवाणघेवाणीची एक त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट त्या वर्षी १४ मार्चला आले. १२ मे रोजी त्याच त्रुटीतून 'वॉनाक्राय' हे फाईली अडकवून पैसे मागणारे सॉफ्टवेअर पसरले. मध्ये ५९ दिवस होते. दीडशेहून अधिक देशांतल्या दोन लाखांवर संगणकांना त्याने ग्रासले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आपल्या देशात आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्याच्या तावडीत सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आले आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. ज्या अनेक वाटांनी ते पसरले, त्यांत हीच मार्चमध्ये बुजवता आली असती अशी वाटही होती.

महोदय, आज आमची स्थिती २०१७ पेक्षा अवघड आहे. आमचे बहुतेक संगणक विंडोज १० वर चालतात, आणि त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आमचे निम्म्याहून अधिक संगणक त्याआधीचे आहेत. काही संगणक अजून विंडोज ७ वर आहेत, ज्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच थांबला. काही ठिकाणी पुरवठादाराने विनापरवाना विंडोज टाकून दिलेले आहे, हेही आम्ही लपवीत नाही. ते आमच्या डोळ्यांदेखत झाले आणि आम्ही तेव्हा बोललो नाही.

आता विंडोज ७ का ठेवले, याचे कारण.

लेखा शाखेत शिक्षकांच्या भविष्य निर्वाह निधीच्या जुन्या वर्षांचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम आहे. तो डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये, शाखेतल्याच एका कर्मचाऱ्याने, पदरचा वेळ खर्चून लिहिला. ते कर्मचारी केव्हाच निवृत्त झाले. नवीन वर्षांचे हिशेब आता दुसरीकडे होतात. पण एखादे गुरुजी निवृत्त होतात, त्यांच्या अंतिम प्रदानाचा प्रस्ताव तयार होतो आणि मधल्या कोणत्या तरी वर्षाची वर्गणी जुळत नाही, तेव्हा शेवटी याच प्रोग्रॅमच्या निळ्या पडद्यापाशी यावे लागते. सेवापुस्तक एक सांगते, पावती सापडत नाही, आणि खरा आकडा इथे मिळतो. तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाचे पैसे त्या एका आकड्यावर अडतात. ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत आणि विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच निघालेली नाही. म्हणून तो संगणक आम्ही जपला. चूक जपण्यात नव्हती. तो कार्यालयाच्या जाळ्याला आणि इंटरनेटला जोडलेला राहिला, ही चूक होती.

मराठी मजकुराचे दुखणे याहून पसरलेले आहे. मासिक सभांची इतिवृत्ते, ठराव, जुने पत्रव्यवहार हे सारे युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेले आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. काही सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय उघडत नाहीत आणि जुन्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नाही. रूपांतराची साधने मिळतात, आम्ही ती वापरतोही; पण रफार आणि जोडाक्षरे यांत घोटाळे होतात, 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. गंमत म्हणून हे चालेल, जमिनीच्या ठरावातल्या नावात नाही. रूपांतर केलेला प्रत्येक ठराव मूळ प्रतीशी माणसाने ताडून पाहावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा वेळ आजवर कोणत्याही कामाच्या तक्त्यात धरला गेलेला नाही.

वरील परिस्थितीत आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

दरमहा अपडेटचा दिवस आपल्या आदेशाने ठरवून द्यावा. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात; आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणजे कार्यालयांसाठी तो बुधवार. त्या बुधवारी प्रत्येक तालुक्यात फक्त दोन संगणकांवर अपडेट टाकावे. त्यांपैकी एकाला सामायिक प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन जोडलेले असावे, दुसऱ्यावर रोजचे मराठी टंकलेखन होत असावे. छपाई, स्वाक्षरी, टंकलेखन आणि रोजची संकेतस्थळे आठवडाभर नीट चालली, तर पुढच्या गुरुवारी दुपारी चारनंतर बाकी सगळीकडे. शुक्रवार आम्ही मुद्दाम टाळला आहे; काही बिघडले तर निस्तरायला दुसरा दिवस कामाचा हवा. एखाद्या त्रुटीचा गैरवापर सुरू झाल्याची सूचना आली, तर मात्र आठवड्याची वाट पाहू नये. चाचणी का हवी हे प्रिंटरच्या अनुभवाने आम्हाला शिकवले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले, हेही आपणास स्मरत असेल.

या कामासाठी प्रत्येक तालुक्यात एक जबाबदार व्यक्ती नावानिशी नेमावी आणि तिच्या नोंदवहीत संगणक, तारीख, अपडेट व अडचण लिहिली जावी. ठरलेल्या दिवशी अपडेट टाकल्यामुळे काम खोळंबले, तर त्याबद्दल कोणत्याही कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे आदेशात स्पष्ट लिहावे. ही आमची सर्वांत कळकळीची मागणी आहे. हे एक वाक्य लिहिले गेले, तर 'नंतर' दाबणारे बोट आपोआप थांबेल.

अपडेट काही वेळा एक जीबीच्या घरात जाते. अनेक ग्रामपंचायतींत परिचालक स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम भागवतात. तो खर्च कार्यालयाने उचलावा. जिथे एकाहून अधिक संगणक आहेत, तिथे एकाने उतरवलेले अपडेट बाकीच्यांनी त्याच्याकडून घेण्याची सोय विंडोजमध्येच आहे, ती सुरू करून द्यावी. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलाव्यात. अपडेट बसत असताना वीज गेली की संगणक पुन्हा उठेल याची खात्री नसते.

विंडोज १० च्या संगणकांची मोजणी १० फेब्रुवारीपूर्वी व्हावी. जे विंडोज ११ वर जाऊ शकतात ते न्यावेत. संस्थांना विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट तीन वर्षांपर्यंत विकत मिळतात; पण जाहीर दर पहिल्या वर्षी संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट आहे. तीन वर्षांचे ४२७ डॉलर जुन्या संगणकात घालणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. एक वर्ष घ्यावे आणि त्या वर्षात संगणक बदलावेत. ज्यांवर केवळ ब्राउझरमधले काम चालते, त्यांच्यासाठी सी-डॅकच्या बॉस लिनक्सची चाचणी घ्यावी. स्वाक्षरीचे टोकन त्यावर चालते का, हे आधी पाहावे.

फॉक्सप्रोचा संगणक जाळ्यापासून कायमचा तोडावा, पण मोडीत काढू नये. त्या डिस्कची जशीच्या तशी प्रत करून तिच्यावर, नव्या संगणकात आभासी यंत्र उभारून, प्रोग्रॅम चालवून दाखवावा आणि लेखा शाखेने दहा जुन्या प्रकरणांचे आकडे ताडून पाहिल्यावरच तो स्वीकारावा. डीबीएफ फाईली लिब्रेऑफिससारख्या मोफत साधनातही उघडतात; त्यांतील सर्व तक्ते साध्या स्वरूपात काढून दोन ठिकाणी जपावेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या निवृत्त कर्मचाऱ्यांना मानधन देऊन आठ दिवस सन्मानाने बोलवावे. त्यांना जे ठाऊक आहे ते कोणत्याही कंत्राटदाराला ठाऊक नाही. इतिवृत्तांच्या युनिकोड रूपांतरासाठी स्वतंत्र मनुष्यदिवस मंजूर करावेत.

बॅकअप त्याच संगणकात ठेवण्याची पद्धत बंद व्हावी. दर शुक्रवारी वेगळ्या डिस्कवर प्रत काढावी, ती डिस्क काढून कपाटात ठेवावी, आणि तीन महिन्यांतून एकदा तिच्यावरून फाईल परत आणून पाहावी.

सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. गेल्या वर्षी त्या सोमवारी कोणी, कोणाला आणि कसे कळवायचे हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. याची एक पानी सूचना मराठीत काढून प्रत्येक संगणकाशेजारी लावावी. आणि त्या परिचालकाला दिलेली नोटीस मागे घ्यावी.

यंदा मार्चचे अपडेट ११ तारखेच्या बुधवारी आमच्याकडे पोहोचेल, ऐन वर्षअखेरीच्या धांदलीत. त्याआधी फेब्रुवारीत एक फेरी होऊन गेलेली असावी, यासाठी आपण या महिन्यातच आम्हाला चर्चेसाठी वेळ द्यावा. लेखा शाखेतील प्रोग्रॅम, अपडेट बंद असलेल्या संगणकांची यादी आणि नोंदवहीचा नमुना आम्ही सोबत घेऊन येऊ.

आपले विश्वासू,

पंचायत समिती व ग्रामपंचायतींतील लिपिक, लेखा शाखेचे कर्मचारी आणि संगणक परिचालक
(स्वाक्षऱ्यांचे पत्रक सोबत जोडले आहे.)

प्रत माहितीस्तव सविनय सादर : मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती.